दुकानात बरा असतो

आजारी मूल डॉक्टरसमोरच हुंदडू लागावं
तसा हा लॅपटॉप ट्रॅन्मरच्या काउंटरवर.
रात्रभर चालवला, म्हणाला,
मेमरीची चाचणी आठ तास, एक चूक नाही.
पंख्यातून निघालेला धुळीचा बोळा
त्यानं कागदाच्या पुडीत बांधून हातावर ठेवला,
ऑपरेशननंतर खडा देतात तसा.
वीस पौंड.

घरी आणला. चहा टाकला.
स्मोकहाउसचे हिशेब उघडले:
हॅडकच्या चारशे पेट्या, धुरी दिलेल्या, वजा बर्फ.
एकोणिसाव्या ओळीवर
पडदा निळा.
वर ते आडवं पडलेलं रडकं तोंड,
खाली टक्के चढताहेत, शून्य, वीस, शंभर,
मरायलाही याला हप्ते लागतात.

वहीत टिपून ठेवते.
सोमवार, पावणेदहा, पगारपत्रक.
सोमवार, दहा वीस, तेच पगारपत्रक.
बुधवार, व्हॅट.
शनिवार, इचलकरंजीच्या शकूशी दीड तास, ठणठणीत.
म्हणजे गप्पांना चालतो, कामाला नाही,
आमच्या थोरल्या दिरांसारखा.

ड्रायव्हर बदलले. सॉकेट बदललं.
विंडोज पुसून नवी घातली, त्यात तीन वर्षांचे फोटो गेले.
शेजारच्या ब्लँचर्डबाई म्हणाल्या, हंबरवरची दमट हवा,
त्यांचा टोस्टरही असाच गेला.
शकू म्हणाली, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढ.
म्हटलं, ग्रिम्सबीत मिठाला मासळीचाच वास,
दृष्ट जायची आणि मांजरं यायची.

तिसऱ्या खेपेला ट्रॅन्मरनं विचारलं, कधीपासून?
पहिलं पान काढलं. बावीस फेब्रुवारी.
वर, माझ्याच अक्षरात, आदल्या दिवशीचं:
प्लास्टर काढलं. वाटेत दूध.
(फ्रीमन स्ट्रीटवर घसरले होते, बर्फावरून,
डाव्या हातावर सगळं अंग.)
त्याला काय सांगायचं यातलं.
तो टाइप करत होता, दोन तर्जन्यांनी,
कोंबडी दाणे टिपते तसा,
मनगटं हवेत.

मनगटं हवेत.

जरा सरका, म्हटलं,
आणि घरी बसते तशी बसले,
डावा हात टेकवून, दुखरा, जड,
उशीवर टाकावा तसा.
निळा.
उचलला. चालू केला. पुन्हा टेकवला.
निळा.
मग आम्ही पाच वेळा पाडला त्याला,
तो एकदा, मी चारदा,
बाहेर एक गिऱ्हाईक चार्जर घेऊन ताटकळत उभं
आणि आत आम्ही दोघं हसतोय,
वर्गात खडू फेकून पकडले न गेलेल्या पोरांसारखे.

अकरा स्क्रू, एका चुंबकी बशीत.
जिथे माझं मनगट येतं, नेमकं त्याखाली
बोटभर हिरवी पट्टी,
केसाएवढी खाचेतून सुटलेली.
हीच मेमरी, तो म्हणाला.
चाचणीत तिला कुणी दाबलंच नव्हतं.
अंगठ्यानं रेटली. टक्क.
पैसे घेतले नाहीत.
शुक्रवारी दोन हॅडक नेऊन दिले, धुरी दिलेले.

इस्पितळात फिजिओ विचारायची, दुखतं का?
मी म्हणायचे, नाही.
खोटं नव्हतं ते. तिथे तिच्या मऊ टेबलावर
खरंच नव्हतं दुखत.

आता चारशे पेट्या एका बैठकीत होतात.
हात मात्र अजून टेकत नाही,
अर्धा इंच वर, थरथरत,
अंगणात परकं कुत्रं बसलेलं असावं तसा सावध.
काल फडक्याची घडी करून खाली ठेवली.
काल फोन केला तिला, त्या फिजिओला,
फोनवर वाट पाहायला लावणारी वाजंत्री वाजत राहिली,
तोवर वहीत लिहिलं, सवयीनं:
गुरुवार, साडेअकरा,
काही नाही.